चोळमंडल किनाऱ्यावरील सुट्टी : समुद्र, देवळे आणि वेळेचे गणित

महाराष्ट्रातील कुटुंबे लांबच्या प्रवासाला निघतात ती मुख्यतः दोन वेळा, दिवाळीच्या सुट्टीत आणि मे महिन्यात. आणि तामिळनाडूच्या पूर्व किनाऱ्यासाठी नेमके हेच दोन काळ सर्वांत गैरसोयीचे असतात, ही गोष्ट बहुतेकांच्या लक्षात येते ती तिकिटे काढून झाल्यावर. नैर्ऋत्य मोसमी वारे जून ते सप्टेंबर या काळात कोकणाला झोडपून काढतात, तेव्हा पश्चिम घाटाच्या पडछायेत असलेला हा किनारा बराचसा कोरडा राहतो. त्याचा खरा पावसाळा ईशान्य मोसमी वाऱ्यांचा, म्हणजे ऑक्टोबर ते डिसेंबर असा असतो, आणि बंगालच्या उपसागरातील चक्रीवादळेही याच महिन्यांत जास्त उठतात. मे महिन्याची तऱ्हा वेगळी. त्या महिन्यातील जवळजवळ साडेतीन आठवड्यांच्या तीव्र उन्हाळ्याला तमिळ पंचांगात ‘अग्निनक्षत्रम्’ असे नावच आहे, आणि देवळांच्या फरसबंद अंगणांत अनवाणी चालण्याची ज्यांना सवय नाही त्यांनी हे नाव गांभीर्याने घ्यावे हे बरे. उरतो तो नाताळच्या सुट्टीपासून महाशिवरात्रीपर्यंतचा काळ. या काळात पाऊस ओसरलेला असतो, कावेरीच्या खोऱ्यातील भातशेते हिरवी किंवा कापणीला आलेली असतात, दुपार सोसवते आणि पहाटे अंगावर शाल घ्यावीशी वाटते. शाळेच्या वेळापत्रकाशी हा काळ जुळवणे अवघड असले तरी या प्रवासातील पहिला आणि सर्वांत मोठा निर्णय हाच आहे; हॉटेल कोणते, गाडी कोणती, हे प्रश्न त्यानंतरचे.

याच काळात एक सावधगिरी मात्र बाळगावी लागते. जानेवारीच्या मध्यावर पोंगल येतो, आणि त्या चार दिवसांत चेन्नईतून गावी जाणाऱ्या व परतणाऱ्या लोकांमुळे रेल्वे आणि बस यांत पाय ठेवायला जागा नसते. सणाचा शेवटचा दिवस, ज्याला काणुम् पोंगल म्हणतात, हा सहकुटुंब बाहेर पडण्याचाच दिवस असल्याने महाबलीपुरम् आणि चेन्नईचे किनारे त्या दिवशी टाळावेत. याउलट मट्टु पोंगलला, म्हणजे गुरांच्या पोंगलला, तंजावरच्या बृहदीश्वर मंदिरातील प्रचंड नंदीला भाज्या आणि फळे यांनी मढवतात, आणि तो सोहळा पाहायचा असेल तर गर्दी पत्करून मुक्काम आधीच ठरवावा लागतो. रेल्वेचे आगाऊ आरक्षण सध्या साठ दिवस आधी खुले होते, तेव्हा पोंगलच्या आसपास जाणाऱ्याने त्या साठाव्या दिवसाची नोंद करून ठेवलेली बरी.

येथे ज्या किनाऱ्याचा विचार केला आहे तो चेन्नईपासून दक्षिणेला कावेरीच्या मुखापर्यंतचा, जुन्या युरोपीय नकाशांत ‘कोरोमांडेल’ म्हणून दाखवलेल्या चोळमंडल किनाऱ्याचा पट्टा होय. सुट्टीचे नियोजन करताना समुद्र आणि देवळे ही दोन वेगळी कामे समजून एकेकाला अर्धा-अर्धा आठवडा वाटून देण्याची रीत आहे. परंतु या प्रदेशात ती वाटणी कृत्रिम ठरते. महाबलीपुरम् हे पल्लवांचे बंदर होते, नागपट्टिणम् चोळांचे. ज्या राजांनी येथे दगडी देवळे उभारली त्यांची सत्ता भातशेतीइतकीच सागरी व्यापारावर उभी होती, आणि राजेंद्र चोळाचे आरमार अकराव्या शतकात थेट श्रीविजयाच्या राज्यापर्यंत, म्हणजे आजच्या इंडोनेशिया-मलेशियाच्या परिसरापर्यंत, पोहोचले होते. चेन्नई, महाबलीपुरम्, पुदुच्चेरी, चिदंबरम्, कुंभकोणम् आणि तंजावर ही साखळी सुमारे साडेतीनशे किलोमीटरची आहे. ती सात-आठ रात्रींत, तीन ठिकाणी सामान सोडून, निवांतपणे पुरी होते. ‘आठ दिवसांत संपूर्ण दक्षिण भारत’ असे सांगणाऱ्या सहली याच आठ दिवसांत तिरुपती, मदुराई, रामेश्वर आणि कन्याकुमारी कोंबतात. त्यांत पाहण्यापेक्षा बसमध्ये बसण्यात अधिक वेळ जातो, आणि त्याहून वाईट म्हणजे देवळाच्या दारात पोहोचण्याची वेळ नेमकी दार बंद असण्याची निघते.

कारण या प्रदेशातील दिवसाचे गणितच निराळे आहे. पंढरपूर किंवा कोल्हापूर येथे दिवसभर दर्शन चालू असण्याची सवय असलेल्या मराठी प्रवाशाला हे ठाऊक नसते की तामिळनाडूतील बहुतेक पूजेची देवळे पहाटे उघडतात, दुपारी बारा-साडेबाराला बंद होतात आणि चारच्या सुमारास पुन्हा उघडून रात्री आठ-नऊपर्यंत चालू राहतात. पुरातत्त्व खात्याच्या ताब्यातील, पूजा नसलेली स्मारके मात्र दिवसभर खुली असतात. म्हणून पूजेच्या देवळांसाठी पहाट आणि संध्याकाळ, आणि गावांतर करण्यासाठी दुपार, अशी सरळ विभागणी केली की निम्मी दगदग वाचते. जेवणाचीही तीच शिस्त आहे. केळीच्या पानावर वाढला जाणारा भात, सांबार, रस्सम्, कूटू आणि ताक यांचा बेत, ज्याला तेथे ‘मील्स’ म्हणतात, तो दुपारी साडेअकरा ते तीनच्या दरम्यानच मिळतो. सकाळ-संध्याकाळ इडली, पोंगल नावाची खिचडी, डोसा यांचे ‘टिफिन’ चालते, आणि येथे टिफिन म्हणजे डबा नव्हे, हे एकदा समजले की खानावळीतील बराच गोंधळ टळतो. सकाळी साडेसहाला देवळात, साडेआठला टिफिन, मग दुसरे देऊळ, बाराला पानावर जेवण, आणि देवळांची दारे मिटलेली असताना पुढच्या गावचा रस्ता, असा क्रम या प्रदेशाने जणू आखूनच दिलेला आहे.

समुद्राबाबत अधिक स्पष्ट बोलणे आवश्यक आहे, कारण कोकणच्या किनाऱ्यावर वाढलेला आत्मविश्वास येथे घातक ठरू शकतो. कोकणात भरती-ओहोटीतील फरक मोठा असतो, तेथील माणूस पाण्याची पातळी पाहून धोका ओळखतो. चोळमंडल किनाऱ्यावर भरती-ओहोटीतील फरक साधारण मीटरभराचाच असतो, त्यामुळे वाळूचा पट्टा दिवसभर सारखाच दिसतो आणि समुद्र शांत आहे असा समज होतो. धोका असतो तो लाटांचा आणि पाण्याच्या ओढीचा. किनाऱ्यावर आदळलेले पाणी एखाद्या अरुंद वाटेने वेगाने समुद्राकडे परत जाते, त्या वाटेत सापडलेला माणूस बघता बघता आत ओढला जातो. ही वाट वरून पाहिली तर आजूबाजूच्या फेसाळ लाटांमध्ये उलट सपाट आणि शांत भासते, आणि अननुभवी माणूस नेमकी तीच जागा पोहण्यासाठी निवडतो. ओढीत सापडल्यास किनाऱ्याच्या दिशेने झगडू नये, कारण त्यात दम संपतो. किनाऱ्याला समांतर पोहत ओढीच्या बाहेर यावे आणि मग लाटांसोबत परतावे, पोहता येत नसल्यास अंग सैल सोडून तरंगत राहून हात वर करावा. महाबलीपुरम् येथील किनारा मंदिरालगतचे पाणी पोहण्यासाठी योग्य नाही. पुदुच्चेरीच्या शहरालगतचा किनारा मोठमोठ्या दगडांच्या बांधाचा आहे. घोट्यापर्यंत पाण्यात उभे राहून सूर्योदय पाहणे, कोळ्यांच्या होड्या लागताना मासळीचा लिलाव पाहणे, संध्याकाळी वाफवलेल्या हरभऱ्यांवर कैरी आणि खोबरे घातलेले ‘सुंडल’ खात वाळूत बसणे, हेच या किनाऱ्याचे खरे सुख आहे. डुंबण्याची हौस असणाऱ्यांनी जीवरक्षक असलेली जागा शोधावी किंवा हॉटेलच्या तलावावर समाधान मानावे. किनारा पूर्वेकडे असल्याने समुद्रात बुडणारा सूर्य येथे दिसत नाही, हेही ‘सनसेट व्ह्यू’च्या खोलीसाठी जादा पैसे मोजण्यापूर्वी आठवावे. जानेवारी ते मार्च या काळात ऑलिव्ह रिडले जातीची समुद्री कासवे रात्री या वाळूत अंडी घालण्यासाठी येतात. त्या वेळी किनाऱ्यावर विजेऱ्या फिरवू नयेत, कारण उजेडाने मादी अंडी न घालताच परत फिरते.

महाबलीपुरम्, ज्याचे स्थानिक नाव मामल्लपुरम्, हे चेन्नईच्या दक्षिणेस पंचावन्न-साठ किलोमीटरवर असून तेथे रेल्वे स्थानक नाही. जवळचे मोठे स्थानक चेंगलपट्टु, परंतु बहुतेक लोक चेन्नईहून किनाऱ्याच्या रस्त्याने बस किंवा मोटारीने येतात. सकाळी येऊन संध्याकाळी परतण्याची जी पद्धत आहे ती या गावावर अन्याय करणारी आहे. येथे किमान दोन रात्री राहावे. नरसिंहवर्मन पहिला, ज्याचे बिरुद मामल्ल म्हणजे महामल्ल होते, त्याच्या काळात म्हणजे सातव्या शतकात येथील खडकांवर मोठे काम सुरू झाले आणि समुद्रकाठचे प्रसिद्ध मंदिर नरसिंहवर्मन दुसरा ऊर्फ राजसिंह याने आठव्या शतकाच्या आरंभी बांधले. १९८४ मध्ये या स्मारकसमूहाचा युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत समावेश झाला. येथे पाहण्याचा क्रम महत्त्वाचा आहे. प्रथम ‘पंचरथ’ पाहावेत. पांडवांची नावे त्यांना लोकांनी नंतर दिली, मुळात ते रथही नाहीत. एकेका अखंड खडकातून वरून खाली कोरत आणलेली ती देवळांची प्रतिरूपे आहेत, आणि वरून कोरल्यामुळेच ज्यांचे काम थांबले त्यांचे शिखर पूर्ण व पाया ओबडधोबड असे दृश्य तेथे दिसते. द्रौपदीचा म्हणून ओळखला जाणारा लहानगा रथ शाकारलेल्या झोपडीची, तर भीमाचा रथ लाकडी वाशांवर पेललेल्या लांबट छपराची हुबेहूब नक्कल आहे. लाकूड आणि गवत यांची वास्तुकला दगडात उतरण्याचा क्षण एवढ्या स्पष्टपणे क्वचितच कोठे सापडतो.

त्यानंतर ‘अर्जुनाची तपश्चर्या’ किंवा ‘गंगावतरण’ या नावाने ओळखला जाणारा शिल्पपट. तो पूर्वाभिमुख असल्याने सकाळच्या कोवळ्या उन्हातच त्यातील बारकावे उठून दिसतात. दुपारनंतर गेलेल्यांना एक सपाट करडा खडक पाहून परतावे लागते. मधल्या नैसर्गिक भेगेत नाग आणि नागिणी कोरल्या आहेत, भेगेच्या डाव्या बाजूला एका पायावर उभा, हात वर केलेला कृश तपस्वी आहे, त्याच्या बरगड्या मोजता येतात, आणि त्याच्यासमोर चतुर्भुज शिव वर देत आहे. तो तपस्वी अर्जुन की भगीरथ, यावर अभ्यासकांचा वाद चालू आहे आणि तो मिटण्याची घाई कोणालाही नाही. प्रवाशाने मात्र उजव्या बाजूच्या मोठ्या हत्तीच्या पायांजवळ नजर न्यावी. तेथे एक मांजर मागच्या पायांवर उभी राहून, पुढचे पाय डोक्यावर जोडून, त्या तपस्व्याचीच नक्कल करते आहे आणि तिच्या पायांशी उंदीर निर्धास्तपणे बागडत आहेत. महाभारतातील ढोंगी मांजराच्या कथेशी हे दृश्य जोडले जाते. एवढ्या भव्य धार्मिक शिल्पात असा मिश्कील कोपरा राखणाऱ्या त्या कारागिरापुढे वाटाड्याची सगळी पोपटपंची फिकी आहे, म्हणून येथे पंधरा मिनिटे शांतपणे उभे राहावे. समुद्राकाठचे मंदिर शेवटी, पण तेही सकाळीच पाहावे; त्यात शिवाची दोन गर्भगृहे आणि त्यांच्यामध्ये शेषशायी विष्णूचे एक अशी रचना आहे, आणि खाऱ्या वाऱ्याने बाराशे-तेराशे वर्षे खाल्लेल्या भिंतींवरील आकृत्या आता मऊ, अस्पष्ट झाल्या आहेत.

पुदुच्चेरीविषयी इतके लिहिले गेले आहे की येथे थोडक्यात सांगितले तरी चालेल. १९५४ पर्यंत फ्रेंचांच्या ताब्यात असलेल्या या शहरातील समुद्रालगतचे रस्ते पायी फिरण्यासाठी सुखद आहेत, श्रीअरविंदांचा आश्रम शांत आहे आणि शनिवार-रविवारी चेन्नई व बंगळूरहून येणाऱ्या तरुणांच्या लोंढ्यामुळे खोल्यांचे भाव चढतात. तेव्हा मुक्काम सोमवार ते गुरुवारच्या दरम्यान साधावा. मराठी प्रवाशाने येथून एक दिवस राखून ठेवावा तो जिंजीसाठी, जी पुदुच्चेरीहून सुमारे सत्तर किलोमीटरवर आहे. शिवाजी महाराजांनी १६७७ मध्ये कर्नाटक स्वारीत हा किल्ला घेतला, आणि संभाजी महाराजांच्या हत्येनंतर राजाराम महाराज १६८९ मध्ये येथेच येऊन राहिले, त्यामुळे मराठी राज्याची राजधानी काही वर्षे तामिळ मुलखात होती. मोगलांना हा किल्ला घेण्यास १६९८ साल उजाडले. २०२५ मध्ये मराठ्यांच्या ज्या बारा किल्ल्यांना जागतिक वारशाचा दर्जा मिळाला त्यांतील महाराष्ट्राबाहेरचा एकमेव किल्ला तो हाच. तीन टेकड्यांवर पसरलेल्या या किल्ल्यातील राजगिरीची चढण पायऱ्यांची असली तरी उन्हात तापलेल्या शिळांमधून जाते. ती सकाळीच उरकावी, पाणी भरपूर घ्यावे आणि खाण्याच्या पिशव्या वानरांपासून जपाव्यात.

चिदंबरम्‌ला पोहोचल्यावर प्रथम तामिळ देवळाची रचना समजून घ्यावी, म्हणजे पुढील सर्व देवळे वाचता येतात. गर्भगृहावरील शिखराला येथे ‘विमान’ म्हणतात, प्राकाराच्या भिंतीतील उंच प्रवेशद्वाराला ‘गोपुरम्’, आणि गर्भगृहाभोवतीच्या एकाबाहेर एक अशा आवारांना ‘प्राकार’. पल्लव आणि आरंभीच्या चोळांच्या काळात विमान उंच आणि दार बुटके असे. बाराव्या-तेराव्या शतकानंतर गोपुरे वाढत गेली आणि विमान त्यांच्यामागे झाकले गेले. दुरूनच कोणते उंच आहे एवढे पाहिले तरी देऊळ ढोबळमानाने कोणत्या काळातले हे ओळखता येते. चिदंबरम् हे पंचमहाभूतांच्या पाच शिवस्थानांपैकी आकाशतत्त्वाचे स्थान. येथील मुख्य देवता लिंगरूपात नसून नटराजाच्या रूपात आहे, आणि तिच्या शेजारी पडद्यामागे सोन्याच्या बिल्वपत्रांच्या माळा लटकवलेली रिकामी जागा आहे, जिला ‘चिदंबर रहस्य’ म्हणतात; निराकाराचे दर्शन ते हेच. गोपुरांच्या आतील भिंतींवर भरताच्या नाट्यशास्त्रातील १०८ करणे, म्हणजे नृत्यातील हात, पाय आणि शरीर यांच्या संयुक्त हालचाली, कोरलेल्या आहेत, आणि दर्शनाच्या रांगेच्या घाईत त्या बहुतेकांच्या नजरेतून सुटतात. या मंदिराची व्यवस्था सरकारी खात्याकडे नसून दीक्षितर नावाच्या पुजारी समाजाकडे आहे, आणि २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यांचा तो हक्क मान्य केला. आत जाताना पुरुषांना सदरा काढावा लागतो, म्हणून खांद्यावर उपरणे असावे. पूजेसाठी पैसे देण्याचा आग्रह झाल्यास रक्कम आधी विचारावी आणि जमत नसेल तर नम्रपणे नकार द्यावा. शहरापासून पंधरा किलोमीटरच्या आसपास पिच्चावरम् येथे कांदळवनात नावेतून फिरता येते. चिदंबरम्‌ला ‘तिल्लै’ हे नाव ज्या खारफुटीच्या झाडावरून मिळाले ते झाड तेथे आजही दिसते.

चिदंबरम् ते कुंभकोणम् या वाटेवर थोडा वळसा घेऊन तरंगंबाडी पाहण्यासारखी आहे. डॅनिश व्यापाऱ्यांनी १६२० मध्ये येथे वखार आणि किल्ला उभारला, १८४५ मध्ये ही वसाहत इंग्रजांना विकली. त्या किल्ल्याच्या पलीकडे, अगदी पाण्याला लागून, मासिलामणी नाथाचे पांड्यकालीन देऊळ आहे, ज्याचा पुढचा भाग समुद्राने गिळला आहे. हाच किनारा २६ डिसेंबर २००४ च्या सुनामीत तामिळनाडूत सर्वाधिक होरपळला. नागपट्टिणम् जिल्ह्यात सहा हजारांहून अधिक माणसे मृत्युमुखी पडली. त्यामुळे येथील कोळीवाड्यांत फिरताना लोकांचे, विशेषतः घरांचे, फोटो विचारल्याशिवाय काढू नयेत.

पुढील तीन-चार दिवसांचा मुक्काम कुंभकोणम्‌ला करावा, तंजावरला नव्हे, असे स्पष्टपणे सुचवावेसे वाटते. तंजावर तेथून चाळीस किलोमीटरवर, दारासुरम् चारएक किलोमीटरवर, स्वामिमलै त्याहून थोडे पुढे आणि राजेंद्र चोळाचे गंगैकोंडचोळपुरम् पस्तीस किलोमीटरच्या आसपास असल्याने हे गाव मध्यवर्ती आहे. शिवाय गणितज्ञ रामानुजन जेथे वाढले ते सारंगपाणी मंदिराच्या रस्त्यावरील छोटेसे घर आणि पितळी पेल्यातून फेसाळ मिळणारी ‘डिग्री कॉफी’ या दोन गोष्टी मुक्कामाला पुरेशा आहेत. दारासुरम् येथील ऐरावतेश्वर मंदिर राजराज दुसरा याने बाराव्या शतकात बांधले. ते बृहदीश्वरासारखे भव्य नाही, पण नाजूकपणात त्याला तोड नाही. त्याच्या पायाच्या पट्टीवर त्रेसष्ट नायन्मारांच्या, म्हणजे तामिळ शैव संतांच्या, जीवनकथा वीतभर उंचीच्या चौकटींत कोरल्या आहेत. चार वाजता दार उघडताच गेले तर तिरप्या उन्हात हे कोरीव काम वाचता येते.

स्वामिमलै येथे पंचधातूच्या मूर्ती ओतणारी घराणी आहेत. मेण आणि राळ यांच्या मिश्रणातून आधी संपूर्ण मूर्ती घडवतात, तिच्यावर कावेरीच्या काठच्या बारीक गाळाचे लेप एकावर एक चढवून वाळवतात, मग तो गोळा तापवून मेण वितळवून काढतात आणि रिकाम्या झालेल्या पोकळीत वितळलेला धातू ओततात. थंड झाल्यावर मातीचा साचा फोडावाच लागतो, म्हणून तशी दुसरी मूर्ती पुन्हा निघत नाही. कारखान्यात गेल्यास ही प्रक्रिया पाहता येते, मात्र साचा तापत असताना मध्ये येऊ नये. विकत घेताना मूर्ती भरीव आहे की पोकळ हे वजनावरून जोखावे, पावती अवश्य घ्यावी आणि ‘जुनी आहे’ असे सांगून कोणी मूर्ती दाखवू लागल्यास तेथून निघावे. शंभर वर्षांहून जुन्या मूर्तींच्या व्यवहारावर १९७२ च्या पुरावस्तू कायद्याची बंधने आहेत.

तंजावरला मराठी वाचक जातो तो बहुधा अर्धवट ओळख घेऊन, आणि परततो तो ती पुरी न करता. बृहदीश्वर मंदिर राजराज चोळाने बांधून १०१० मध्ये पूर्ण केले. त्याचे विमान साठ मीटरांहून उंच असून सपाट गाळाच्या त्या प्रदेशात दगडच सापडत नसल्याने सारा ग्रॅनाइट दुरून आणलेला आहे. शिखराची सावली जमिनीवर पडत नाही असे वाटाडे ठासून सांगतात. ते खरे नाही, सावली पडते आणि दुपारनंतर आवारात उभे राहणाऱ्याला ती दिसते. त्या दंतकथेपेक्षा पायावरील तामिळ शिलालेख कितीतरी विलक्षण आहेत. देवाला दिलेल्या दागिन्यांची वजने, दिव्यांसाठी दिलेल्या गुरांची संख्या, आणि राज्यातील इतर देवळांतून आणून येथे वसवलेल्या चारशे नर्तकींची नावे, त्यांना दिलेल्या घरांसह, त्यांत नोंदवली आहेत. येथेच आवाराच्या नैर्ऋत्य भागातील भिंतीवर मराठी भाषेत, देवनागरी लिपीत कोरलेला भोसले घराण्याचा सविस्तर इतिहास आहे, जो सरफोजी राजे दुसरे यांनी १८०३ मध्ये कोरवून घेतला. शिवाजी महाराजांचे सावत्र भाऊ व्यंकोजी यांनी १६७६ च्या सुमारास स्थापलेली ही गादी १८५५ पर्यंत टिकली, आणि तामिळ मुलखातील या देवळाच्या भिंतीवर आपली भाषा वाचताना मराठी माणसाचा वेग आपोआप मंदावतो. अक्षरे लहान आहेत, ऊन चढण्यापूर्वी जावे.

राजवाड्याच्या आवारातील सरस्वती महाल ग्रंथालय हे त्याच सरफोजींच्या संग्रहाने समृद्ध झालेले आहे. संस्कृत, तामिळ आणि तेलुगू हस्तलिखितांबरोबर मराठी हस्तलिखिते व मोडी कागदपत्रेही तेथे आहेत. सर्वसामान्य प्रवाशाला छोटेसे संग्रहालय पाहता येते, हस्तलिखिते हाताळण्यासाठी आगाऊ परवानगी लागते. समुद्राची ओढ ज्यांची अजून भागलेली नाही त्यांनी तंजावरहून किनाऱ्यावरील ‘मनोरा’ पाहायला जावे, जो सरफोजींनी नेपोलियनवरील इंग्रजांच्या विजयाच्या स्मरणार्थ बांधला. एका मराठी राजाने तामिळ किनाऱ्यावर एका फ्रेंच सम्राटाच्या पराभवाचे स्मारक उभारावे, हा इतिहासाचा विनोद तेथेच अनुभवावा असा आहे.

काही व्यावहारिक गोष्टी सर्वच ठिकाणी लागू पडतात. दगडी फरशी अकरा वाजल्यापासून चटके देऊ लागते, म्हणून प्रत्येकाजवळ जाड सुती मोजे असावेत. मोजे घालून देवळात गेल्यास सहसा कोणी हरकत घेत नाही. अर्धी विजार घालून गेलेल्याला काही देवळांच्या दारातूनच परत पाठवतात. डिसेंबर २०२२ मध्ये मद्रास उच्च न्यायालयाने राज्यातील देवळांत मोबाइल फोनवर बंदी घालण्याचे निर्देश दिले. त्यांची अंमलबजावणी देवळागणिक वेगळी असल्याने फोन जमा करण्याची जागा आणि पावती यांची चौकशी आधी करावी. हिंदीचा उपयोग मर्यादित आहे, तोडकेमोडके इंग्रजी आणि हातवारे अधिक उपयोगी पडतात. ज्येष्ठांसोबत असल्यास दिवसाला एकच मोठे देऊळ ठेवावे, कारण उंच उंबरे आणि लांबलचक प्राकार गुडघ्यांची परीक्षा पाहतात. ज्यांना कुंभकोणम्‌चा महामहम् पाहायचा आहे त्यांनी ध्यानात ठेवावे की हा बारा वर्षांनी येणारा स्नानोत्सव यापूर्वी २०१६ मध्ये झाला, पुढचा २०२८ मध्ये येईल. ज्यांना गर्दी नको त्यांनी त्या फेब्रुवारी-मार्चमध्ये या गावाकडे फिरकू नये.

राहिले रामेश्वर. काशी-रामेश्वर ही मराठी मनातील अतूट जोडी असल्याने ‘एवढे लांब आलोच आहोत तर’ म्हणून ते या प्रवासाच्या शेपटाला जोडण्याचा मोह होतो. तंजावरहून ते सव्वादोनशे किलोमीटरच्या पुढे आहे, आणि एका दिवसात जाऊन येण्याने ना यात्रा घडते ना सहल. त्याला स्वतंत्रपणे दोन रात्री द्याव्यात, नपेक्षा पुढच्या खेपेसाठी ठेवावे. जाणाऱ्याने हे लक्षात ठेवावे की देवळातील बावीस तीर्थांचे स्नान पहाटे उरकणे सोयीचे असते, आणि ओल्या कपड्यांनी गाभाऱ्याकडे जाऊ देत नाहीत, तेव्हा कोरड्या कपड्यांचा एक जोड पिशवीत आणि पिशवी सांभाळणारे एक माणूस बाहेर असावे. २२ डिसेंबर १९६४ च्या रात्री चक्रीवादळात उद्ध्वस्त झालेले धनुष्कोडी दुपारी उशिरा पाहायला निघू नये, कारण संध्याकाळनंतर तो रस्ता बंद करतात. वाटेत विकायला ठेवलेली प्रवाळे घेऊ नयेत, ती १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने संरक्षित आहेत आणि ती जवळ बाळगणारा प्रवासीही त्या कायद्याने गुन्हेगार ठरतो.